नातीचं पहिलं अंडं

मार्तामायच्या उजव्या हाताची दोन बोटं मला अजून दिसतात. कोंबडी डाव्या काखेत धरायची, तिचं डोकं मागे, शेपूट पुढे, आणि शेपटीखालच्या दोन हाडांच्या मधे ती बोटं आडवी टेकवायची. बोटं सैल बसली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच मावलं तर अजून अवकाश आहे. आणि म्हाताऱ्या कोंबडीच्या हाडांत बोटच शिरेना, तर तिची रवानगी कुडापलीकडे, कापायच्या कोंबड्यांत. हा सगळा तपास पापणी लवायच्या आत व्हायचा आणि निकाल एकदा दिला की दिला. आमचे हे ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, "आमच्याकडे निदान अपील तरी असतं."

घोडबंदरकडे जाणारा बैलगाड्यांचा रस्ता जिथे गाव सोडायचा तिथे आमचं घर शेवटचं. मेंदीच्या कुंपणापलीकडे किरिस्तावांची वाडी सुरू व्हायची आणि त्यातलं पहिलं घर मार्तामायचं. आम्ही प्रभू, मासे-मटण खाणारे. पण कोंबडीला आमच्या स्वयंपाकघरात मज्जाव होता. पुरुष बाहेर काय खाऊन येतात ते सासूबाई कधी विचारत नसत, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर काही वर्षांनी ह्यांना मोठा ताप आला, उतरला, पण अंगात काही म्हणून राहिलं नाही. डॉक्टरांनी रोज अंडं द्यायला सांगितलं. सासूबाईंनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून दिली, वेगळं भांडं दिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले.

मार्तामाय काळी, हडकुळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं तांबडं लुगडं, कानात सोन्याच्या जड कुड्या. तिने माझ्या हातात अंडं ठेवलं आणि पहिलंच वाक्य बोलली ते हे:

"पान्यात उकरून दे त्याला. तुमच्या तुपात परतून त्याचा इस्कोट करू नको."

हीच तिची बोलायची रीत. गोड बोलणं तिला येत नव्हतं असं नाही, पण ते ती कोंबड्यांसाठी राखून ठेवायची.

तिच्या अंगणाचे दोन भाग होते. मधे करवीचं कूड, शेणाने सारवलेलं, माणसाच्या छातीइतकं उंच. अलीकडे अंड्यावरच्या कोंबड्या, पलीकडे खायचे कोंबडे. अलीकडच्यांना नाचणी, पालेभाजीचे देठ आणि खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपा कुटून. पलीकडच्यांना कण्यांचा भात, ताकात कालवलेला कोंडा आणि सुकट, मग ते खच्ची केलेले कोंबडे असे फुगायचे की चालताना धापा टाकायचे. एका अंगणात राहून दोघांचं पाणी वेगळं, झाडू वेगळा, एवढंच काय, कुडापलीकडे जाताना ती पाय धुवायची आणि परत येतानाही धुवायची. सासूबाई हे कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "सोवळं म्हणतात ते हेच की."

"खानारी न घालनारी एका थालीत जेवली," मार्तामाय म्हणायची, "का घालनारी माजते न खानारी सुकते. दोघींचाबी सत्यानास."

कुडापलीकडचा माल साहेबांच्या बंगल्यांवर जायचा. एकदा एका बंगल्याचा बटलर आला, साहेबाकडे पाहुणे होते. पलीकडचे कोंबडे सोडून त्याची नजर अलीकडच्या एका गुबगुबीत पिवळ्या कोंबडीवर गेली. तो तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, हीच पाहिजे. मार्तामाय म्हणाली, ती घालनारी हाय. तो म्हणाला, असेना, साहेबाला काय कळतंय.

"साहेबाला नाय कलत," ती म्हणाली, "पन मना कलते. घालनारीचे मानेवर माजे दारात सुरी नाय फिरायची. तुजे आयनं तुला घातला तवा तिला कोनी कापली होती काय?"

तो हात हलवत गेला आणि पुढे महिनाभर त्या बंगल्याने माल घेतला नाही. हिला त्याची खंत नाही.

दुसरा नियम याहून कडक. बाहेरून आलेलं कुठलंही पाखरू, मग ते कुणी का आणेना, दोन आयतवार अंगणाबाहेर चिंचेखाली डालग्यात झाकून ठेवायचं. त्यांच्या देवळातल्या दोन रविवारच्या मिसा ऐकून झाल्या आणि पाखरू ठणठणीत राहिलं, तरच आत. तिचा सख्खा भाऊ एकदा खडवलीहून कोंबडी घेऊन आला, बहिणीला भेट म्हणून. कोंबडी डालग्याखाली गेली हे ठीकच, पण बोलता बोलता भावाच्या तोंडून निघून गेलं की त्याच्या शेजारी चार कोंबड्या मेल्यात. झालं. मार्तामायने त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. तो बिचारा चिंचेखालीच बसून जेवला, आणि दोन आयतवार नाही पण निदान दोन घटका तरी त्या डालग्याशेजारी बसून होता. मी पोट धरून हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

मार्तामायचा मुलगा पास्कू कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी उजाडता जायचा. आईसारखा काळा आणि उंच, पण आईचं दुसरं काही त्याच्यात उतरलं नव्हतं. आई बोलली की तो जमिनीकडे बघायचा. त्याचं लग्न झालं आणि नातालीन त्या घरात आली. घोडबंदरच्या अंगाकडची पोर, मोकळी, गालाला खळी, कुंपणापाशी आली की आधी हसायची आणि मग बोलायची. येताना तिने काखेत एक करडी कोंबडी आणली होती. तिच्या आईने दिलेली.

त्या कोंबडीचा रिवाज मला नातालीननेच समजावून सांगितला. सून आईच्या हातची कोंबडी घेऊन येते. ती कोंबडी आणि तिची पिलावळ सुनेची. कोंबडीला लेक होते, लेकीला लेक होते, आणि ती नात ज्या दिवशी सासरच्या घरात आपलं पहिलं अंडं घालते, त्या दिवसापासून सुनेला आपली चूल वेगळी करायची मोकळीक. तोवर सासूच्या चुलीपुढे बसायचं. वाडीतल्या बहुतेक घरांनी हा रिवाज केव्हाच सोडला होता. मार्तामायने सोडला नव्हता.

"पास्कूला कल्यानला खोली मिललीय, वयनीबाय," नातालीन सांगायची. "रूलाच्या बाजूला. गारी गेली का भांडी वाजतात म्हनतो. माजी नात घालूं दे, मी जाते न भांडी आयकते."

पोरीला तेवढंच हवं होतं, नवऱ्याजवळ राहायचं. त्यासाठी तिने ती करडी कोंबडी तळहातावरच्या फोडासारखी जपली. करडी अंड्यांवर रवणीला बसली तेव्हा मुंगसाच्या भीतीने ही खुराड्याला पाठ लावून झोपायची. लेकी झाल्या, मोठ्या झाल्या, त्यांना पिलं झाली. त्यांतल्या पाच माद्या निघाल्या. त्या नाती. त्यांना शिंपा कुटून घालताना ती गुणगुणायची ते आमच्या पडवीत ऐकू यायचं.

मार्तामाय हे बघायची. काय वाटत होतं तिला? तिची स्वतःची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, तीही कोंबडा सोलता सोलता. तिच्या आईने दिलेल्या कोंबडीची पिलं एकदा घारीने नेली, एकदा मुंगसाने. मग कोंबडीच म्हातारी झाली. नवरा माझगावला गोदीत होता, वाट बघत. नात काही झाली नाही. तिकडेच तो पटकीने गेला. "मना कोनी सोरला?" एवढंच ती शेवटी म्हणाली, आणि पिसं उपटत राहिली. मला तेव्हा तिची दया आली. पुढे ती दया मी परत घेतली.

नाती तलंग झाल्या, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या. तुरे लाल झाले. त्या कोपरे धुंडू लागल्या, पाठीवर हात ठेवला की पंख पसरून दबू लागल्या. एका सकाळी मार्तामायने त्यांतली सगळ्यांत थोरली उचलली, काखेत धरली आणि बोटं टेकवली. मी कुंपणाशी होते, नातालीन तिच्या समोर, हातातला झाडू तसाच.

"काय गो आय?" नातालीन म्हणाली.

मार्तामायने कोंबडी खाली सोडली. "आठ दिसांत घालील," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. त्या दिवशी कोंबड्यांना दाणा नातालीननेच टाकला.

तो सणाचा आठवडा होता. त्यांच्या इगर्जीत, म्हणजे देवळात, सणाच्या दिवशी लोक नवसाची पाखरं आणून वाहतात. पाद्रीबाबा त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो आणि मिसा झाल्यावर दारातच त्यांचा लिलाव होतो. मार्तामाय दरवर्षी जायची, कधी बोली लावायची नाही. त्या वर्षी तिने लावली. येताना तिच्या हातात मोराएवढा एक कोंबडा होता, मानेला अजून झेंडूची माळ. कुणा परगावच्या माणसाने वाहिला होता.

आता हा कोंबडा ठेवायचा कुठे? पलीकडे ठेवावा तर पलीकडचं पाखरू सुरीसाठी, आणि देवाला वाहिलेलं सुरीखाली कसं द्यायचं? म्हणजे अलीकडेच. आणि चिंचेखाली डालगं? नातालीनने धावत जाऊन डालगं आणलं होतं.

"आय, दोन आयतवार," ती म्हणाली.

"देवाचे दारातून आयलेल्या पाखराला कसले आयतवार?" मार्तामाय म्हणाली. "त्याचे अंगावर पाद्रीबाबानं पानी घातलाय. तुजे डालग्याची त्याला काय गरज?"

"आय, आठच दिस ऱ्हायलेत."

"म्हनूनच. देवाचा पाय लागला का बरा होयेल." आणि तिने माळ काढून तो कोंबडा तलंगांच्या मधोमध सोडला.

सख्ख्या भावाला चिंचेखाली जेवू घालणारी बाई ही. मी पुष्कळदा विचार केलाय, तिने मुद्दाम केलं का. मला तसं वाटत नाही. देवाच्या पाण्याने सगळं धुऊन निघतं हे ती मनापासून मानत होती. पण त्या दिवशी ते मानणं तिच्या फार सोयीचं होतं, आणि सोयीची श्रद्धा माणूस तपासून बघत नाही.

तीन-चार दिवसांत कोंबडा पेंगू लागला. मग हिरवं हगू लागला. मग त्याची मान वळली आणि तो पडला. त्याच्या पाठोपाठ करडी गेली, तिच्या लेकी गेल्या. पलीकडचे खच्ची कोंबडे मात्र करवीच्या कुडाने आणि त्या धुतलेल्या पायांनी वाचले. कापायचे होते ते जगले आणि जगवायच्या होत्या त्या मेल्या.

मर सुरू झाली त्याच सकाळी नातालीन थोरली तलंग पदराखाली घेऊन आमच्या मागच्या दारी आली. ती तेवढी अजून टवटवीत होती. मी सासूबाईंकडे बघितलं. जिवंत कोंबडी आमच्या घरात. सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"ठेव पडवीत," त्या म्हणाल्या. "तुळशीच्या अंगाला नको जाऊ देऊ."

कुंपणापलीकडे एकेक तलंग मान टाकत होती आणि अलीकडे आमच्या अंड्याच्या चुलीशेजारी ही एक डालग्यात बसून होती. नातालीन दिवसातून दहादा यायची, प्रत्येक वेळी पाय धुऊन. शेवटी एके दिवशी कुंपणापलीकडच्या अंगणात सुनेचं म्हणून एकही पाखरू उरलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पडवीतून कोंबडी ओरडली. अंडं घातल्याचं ते ओरडणं मलाही आता ओळखता येत होतं. लहानसं, तांबूस, एका टोकाला रक्ताचा ठिपका. पहिलं अंडं.

नातालीनने ते ओंजळीत धरलं आणि कुंपण ओलांडून धावली. मी मागोमाग गेले. मार्तामाय ओट्यावर बसून तिसऱ्यांच्या शिंपा कुटत होती, कुणासाठी कोण जाणे. तिने अंडं घेतलं, उजेडाला धरून बघितलं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"नातीचाच हाय," ती म्हणाली.

नातालीनच्या गालाला कित्येक दिवसांनी खळी पडली.

"पन हे घरात नाय घातला," मार्तामाय म्हणाली. "शेजाऱ्यांचे पडवीत घातला. घरात घालाया पायजे."

"आता घरी आनते ना मी तिला, आय. उद्या घालील, परवा घालील—"

"तो दुसरा होयेल, तिसरा होयेल. पयला तो पयला." आणि तिने अंडं परत नातालीनच्या ओंजळीत ठेवलं, अगदी जपून, तडा जाऊ नये म्हणून.

माझा राग मला आवरला नाही. मी म्हटलं, "मार्तामाय, दोन आयतवारांचा नियम तुम्ही मोडलात. देवाचा कोंबडा तुम्ही सोडलात. आणि शिक्षा हिला?"

"तू देवाचे गोष्टीत परू नको वयनी," ती म्हणाली. "तुजा देव येगला."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या ह्यांचं अंडंही बंद झालं.

शनिवारी पास्कू आला. नातालीनने त्याला सगळं सांगितलं, माझ्यादेखत, कुंपणाशी उभं राहून. तिची आई पावसाळ्यातच वारली होती. आता आईच्या हातची कोंबडी पुन्हा कुठून येणार? तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आय म्हनते तसा."

त्या रात्री त्यांच्या घरी कोंबडीचा रस्सा होता. पुढची हकिगत नातालीनने मला सोमवारी सांगितली, आणि सांगताना ती ना रडली ना हसली. मार्तामाय जेवता जेवता म्हणाली, "कवला हाय गो. कंचा कोंबरा कापला?"

"कोंबरा नाय, आय," नातालीन म्हणाली. "नात हाय."

मार्तामायचा घास हातात राहिला. तिच्या दारात घालणारीच्या मानेवर सुरी फिरली होती, आणि ती तिच्या पानात होती. पास्कूने वर बघितलंच नाही. मग तिने तो घास तोंडात घातला, आणि पुढचाही, आणि ताट पुसून उठली. अन्न टाकायचं नाही, हाही तिचा एक नियम होता.

त्यानंतर दोन वर्षांत ह्यांची बदली कल्याणला झाली. पास्कू शनिवारचा घरी जायचा तो आधी एक शनिवार आड जाऊ लागला, मग सणालाच. मग तोही नाही. एकदा मी रुळाकडेच्या चाळीवरून जाताना त्याला दारात बसलेला बघितला. आत कुणी बाई भाकरी थापत होती, तिचं मूल त्याच्या गुडघ्यावर होतं, आणि दाराशी चार-पाच कोंबड्या, सगळ्या एकत्र, खायच्या आणि घालायच्या, एकाच परातीत टोचत होत्या. गाडी गेली तेव्हा आतली भांडी खरंच वाजली. मी न थांबता पुढे गेले. त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

मार्तामायला मी शेवटचं बघितलं ते पुष्कळ वर्षांनी, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला ठाण्यात गेले तेव्हा. मेंदीचं कुंपण माजलं होतं. करवीचं कूड पडून गेलं होतं, अंगणात एक पीस नव्हतं. ती ओट्यावर बसली होती, डोळे पांढरे झालेले, कानाच्या पाळ्या कुड्यांच्या भाराने लोंबलेल्या. तिने मला ओळखलं नाही. नातालीनने ओळखलं. तिचे केस कपाळावर पिकले होते. खळी होती, पण आता ती सुरकुतीत धरली जात होती.

तिने आतून पेंढ्याचं डालगं आणून म्हातारीच्या मांडीशी ठेवलं. म्हातारीने पेंढ्यात हात घातला, चाचपलं, आणि तिच्या तोंडावर एकदम उजेड पडला. तिने अंडं बाहेर काढलं. त्याच दोन बोटांनी ते गोल फिरवलं.

"घातला गो," ती म्हणाली. "कोनी घातला?"

"नातीनं, आय."

"घरात?"

"घरातच."

"पयला?"

"पयला."

"मंग जा गो तू कल्यानला," मार्तामाय म्हणाली. आवाज इतका मऊ की हा तिचाच का, असं वाटावं. "जा पोरी. पास्कू वाट बगत असल."

मी नातालीनकडे बघितलं.

"बाजारातून आनते मी," ती हळूच म्हणाली. "कालचा तिला आज आठवत नाय. रोज पयलाच होते. वयनीबाय, तेवरा एक तिचे तोंडातून मना रोज आयकायचा असते."

ही माया होती की सूड, ते मी विचारलं नाही. तिला तरी सांगता आलं असतं का?

"अजून हितंच हायस?" म्हातारी म्हणाली. "गारी चुकल."

"उद्या जाते, आय," नातालीन म्हणाली. तिने म्हातारीच्या हातातलं अंडं काढून घेतलं आणि तिच्यासाठी उकडायला आत गेली.